मागची वाडी मांजरासाठी बंदिस्त कशी करावी

मांजर कुंपण ओलांडतं तेव्हा सहसा एका झेपेत पलीकडे जात नाही. आधी वरच्या कडेवर पाय टेकवतं, तिथं क्षणभर बसून पलीकडचा अंदाज घेतं आणि मग उतरतं. म्हणून कुंपण किती उंच, यापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या: माथ्यावर पाय टेकायला जागा आहे का, आणि माथ्यापर्यंत पोचवणारं काही जवळ उभं आहे का. धडधाकट मांजर उभ्या जागेवरून पाच-सहा फूट उडी घेतं. भिंत खडबडीत असेल किंवा जाळी असेल तर नख्या रोवत त्याहून वर चढतं. आठ फुटी भिंत बांधली आणि तिला टेकून पऱ्हाटीची (कापसाच्या वाळक्या झाडांची) गंजी रचली, तर भिंतीचा पैसा वाया गेला.

इथली मापं आणि उपाय विदर्भातल्या खेड्यातलं घर डोळ्यासमोर ठेवून दिले आहेत. समोर सपरी (ओसरी), मागे सांदवाडी (घरामागची मोकळी वाडी), काळी माती, शेजारी गोठा आणि महिन्यातून एखादी वानरांची टोळी, असं घर.

जाळी आणायच्या आधी

दोन कामं आधी उरकून घ्या. पहिलं म्हणजे नसबंदी. माजावर आलेला बोका कुंपणातली प्रत्येक कच्ची जागा शोधून काढतो, आणि माजावरची मांजरी बाहेरचे बोके आत ओढून आणते. साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयापासून ही शस्त्रक्रिया करता येते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. त्याच फेरीत रेबीजची लस द्या. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, पुढच्या डॉक्टर सांगतील तशा. गावात मोकाट कुत्री आहेत तोवर यात टाळाटाळ नको.

दुसरं काम म्हणजे किती जागा बंद करायची ते ठरवणं. वाडीतून रोज बंडी (बैलगाडी) जात असेल, बैलं-म्हशी सकाळ-संध्याकाळ ये-जा करत असतील, तर अख्खी वाडी बंदिस्त करायचा हट्ट धरू नका. फाटक दिवसातून चारदा सताड उघडणार आणि मांजराला एकदाच पुरे. अशा घरी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून १०×१२ फुटांचा तुकडा वेगळा काढा आणि तो वरूनही जाळीने झाका. खर्च कमी लागतो, आणि वर जाळी आली की पुढची निम्मी डोकेदुखी उरतच नाही. वासरा-कोंबड्यांच्या घराला हाच मार्ग बरा.

मोकळी सांदवाडी असेल तर कागद-पेन घेऊन कुंपणाच्या आतून एक फेरी मारा. कुंपणापासून सहा फुटांच्या आत जे जे उभं दिसेल ते लिहून काढा: पाण्याची टाकी, संडासाचं छत, उभी करून ठेवलेली बाज, गोवऱ्यांची रास, शेवग्याचं झाड, कपडे वाळवायचा खांब. दुसरी फेरी खाली बसून, मांजराच्या डोळ्याच्या उंचीवरून मारा. नालीचं तोंड, फाटकाखालची फट, विटा निखळलेली जागा तेव्हाच नजरेस येते. डोकं गेलं की मांजराचं अंगही जातं. मोठ्या मांजरासाठी दोन इंचांपेक्षा मोठी फट ठेवू नका, पिल्लं असतील तर एक इंच.

भिंत असेल तर: माथ्यावरची आत झुकलेली जाळी

पाच फुटी विटांची भिंत गृहीत धरू. वाडी ४० × ३० फूट, एका ४० फुटी बाजूला घर. म्हणजे तीन बाजूंची मिळून १०० रनिंग फूट भिंत.

वेल्डिंगवाल्याकडून ब्रॅकेट बनवून घ्या. २५ × २५ × ३ मिमीचा अँगल, उभा तुकडा ३४ इंच, त्याच्या टोकाला आतल्या बाजूला ४५ अंशांत झुकलेला २४ इंचांचा हात. सहा मीटरच्या एका अँगलमधून असे चार ब्रॅकेट निघतात आणि कटिंगला चार इंच उरतात. हात २६ इंचांचा करायला गेलात तर तीनच निघतील, म्हणून माप बदलू नका. दर पाच फुटांवर एक, आणि कोपऱ्यात दोन्ही भिंतींवर कोपऱ्यापासून सहा इंचांवर एकेक, असे या वाडीला २३ लागतात. सहा अँगल घ्या, एक ब्रॅकेट शिल्लक राहील. वजन ४० किलोच्या आसपास भरेल. वेल्डिंगवाल्याला तोंडी कोन सांगण्यापेक्षा पुठ्ठ्याचा नमुना कापून न्या. २३ ब्रॅकेट तेवीस कोनांत झुकलेले असले की जाळी कधीच नीट बसत नाही. घरी आणल्यावर रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइल पेंट. गंज वेल्डिंगच्या सांध्यापासून सुरू होतो, तिथं जास्त रंग द्या.

उभ्या तुकड्याचे खालचे १६ इंच भिंतीच्या आतल्या अंगाला येतील, वर १८ इंच राहतील. १० मिमीचे दोन अँकर बोल्ट, एक माथ्यापासून ६ इंच खाली आणि दुसरा १४ इंच खाली. भोक विटेत पाडा, दर्जेत (दोन विटांमधल्या सांध्यात) नाही. वरचा बोल्ट माथ्याच्या फार जवळ घेतला तर वरची वीटच उखडून येते, आणि ती येते पहिल्या वावधनात, म्हणजे वादळी वाऱ्यात. भिंतीची जुळाई मातीतली असेल तर अँकर बोल्ट धरणारच नाही. तिथं भोक आरपार पाडून पलीकडून लोखंडी पट्टी लावून नट कसा, नाहीतर भिंतीला हात न लावता आतून वेगळे खांब उभे करा.

आता तार. १२ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार तीन ओळींत ओढा: भिंतीच्या माथ्याशी, वाकाशी आणि हाताच्या टोकाशी. तिन्ही मिळून शंभर मीटर लागते, पाच किलो आणली की पुरते. त्यावर चार फूट रुंदीची कोंबडी-जाळी, भोक एक इंचाहून मोठं नको. रुंदीचा हिशेब असा: ४ इंच भिंतीवर, १८ उभ्या भागावर, २४ झुकलेल्या भागावर, २ इंच ढिलाई. लांबी ११० फूट घ्या, कोपऱ्यात आणि जोडात दहा फूट जातातच. जाळी अँगलच्या आतल्या बाजूने लावा, म्हणजे मांजराला अँगलची कड धरायला मिळत नाही. दर सहा इंचांवर बाइंडिंग तारेचा पीळ द्या आणि पिळाची टोकं बाहेरच्या बाजूला दाबून टाका.

झुकलेला भाग ताणून कडक करायचा मोह होईल. करू नका. मांजराला हलणाऱ्या, लचकणाऱ्या वस्तूवर भार टाकायला आवडत नाही. उभ्या जाळीवरून चढत ते वाकापर्यंत येतं, वर डोक्यावर डुगडुगणारी जाळी लागते, आणि ते मागे फिरतं. तीच जाळी ढोलकीसारखी ताणलेली असेल तर एखादं चपळ मांजर उलटं लटकून टोकाला पोचतं. दिसायला बांधणी ढिसाळ वाटेल, वाटू द्या.

हात आतच का झुकवायचा, तर मांजर आतून चढणार म्हणून. शिवाय बाहेर झुकवला की तो शेजाऱ्याच्या हद्दीत जातो, आणि धुऱ्यावरून होणारी भांडणं गावात आधीच कमी नाहीत. पण आत झुकलेल्या जाळीचा एक तोटा आहे: बाहेरचा बोका बाहेरून चढून आत उडी मारू शकतो आणि मग त्याला निघता येत नाही. रात्रभर मारामारी होते. म्हणून झुकलेल्या हाताच्या टोकापर्यंत पोचेल अशी एक लांब फळी हाताशी ठेवा. आपलं मांजर घरात घेऊन, फाटक उघडून किंवा फळी कुंपणाला तिरपी लावून पाहुण्याला वाट द्यायची, आणि फळी लगेच काढून घरात ठेवायची.

कोपरे

पळणारी मांजरं कोपरा निवडतात, कारण तिथं दोन भिंतींवर आळीपाळीने पाय मारून वर जाता येतं. साध्या कोपऱ्यात दोन्हीकडची झुकलेली जाळी एकमेकीवर येते. ती कापून टाकू नका, चढवून घ्या आणि घट्ट शिवा. अडचण येते ती भिंतीचा कोपरा वाडीत घुसलेला असेल तिथं, उदाहरणार्थ संडासाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर. तिथं आत झुकलेले दोन हात एकमेकांपासून लांब जातात आणि मध्ये त्रिकोणी फट उरते. त्या मापाचा जाळीचा तुकडा वेगळा कापून बसवावा लागतो. काम संपल्यावर सगळ्यात आधी ही जागा तपासा.

जाळी घराच्या भिंतीला जिथं मिळते तिथंही दोन बोटांची फट राहते. एक उभी लाकडी पट्टी घराच्या भिंतीला ठोकून जाळी तिच्यावर यू-खिळ्यांनी मारा.

भिंत नसेल तर

काट्यांचं किंवा तुराट्यांचं कुंपण मांजराला अडवत नाही. तिथं खांब आणि चेनलिंक जाळी हाच पर्याय, आणि खरी परीक्षा आपली काळी माती घेते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. उथळ रोवलेला खांब दोन पावसाळ्यांत झुकतो आणि जाळीखाली फट पडते. नऊ फुटी खांब घ्या, अडीच फूट जमिनीत, साडेसहा वर. खड्डा फूटभर रुंद. मुरूम त्याआधीच लागला तर उत्तम. तळाला सहा इंच मुरूम धुम्मसाने ठोकून, वर १:२:४ (सिमेंट, रेती, गिट्टी) काँक्रीट. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर घुमटासारखा काढा, म्हणजे पाणी खांबाशी मुरत नाही. हे काम दिवाळीनंतर करा, तेव्हा जमीन धड चिखल नसते, धड फाटलेलीही नसते. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत घातलेला खांब पहिल्याच पावसाळ्यात हलतो.

खांब आठ-आठ फुटांवर, कोपऱ्यातल्या खांबांना दोन्हीकडून तिरपे टेके. दोन इंची चेनलिंक लावली तर ती मांजराला शिडीच आहे हे धरून चाला. वर तोच २४ इंची झुकलेला हात आणि ढिली कोंबडी-जाळी हवीच. जाळीच्या तळाशी वीट किंवा फाडी दगडाचा एक थर अर्धा जमिनीत गाडून घ्या. उन्हाळ्यात भेग पडली तरी फट मिळत नाही आणि बाहेरून कुत्र्यालाही उकरता येत नाही.

टिनाचे पत्रे उभे करून कुंपण करणारेही बरेच असतात. गुळगुळीत पत्र्यावर नखं धरत नाहीत, तेव्हा कल्पना चांगली. फक्त आडवे पाइप बाहेरच्या बाजूला घ्या; आतून घेतले की त्यांच्या पायऱ्या होतात. पत्र्याला वारा जाळीपेक्षा कितीतरी जास्त लागतो, म्हणून खांब सहा फुटांवर आणि जे-हुक भरपूर.

वानरं येत असतील तर

कोंबडी-जाळी वानराच्या एका उडीने लोंबते. ज्या गावात टोळी ठरलेल्या वाटेने येते, तिथं निदान त्या बाजूला जाळीऐवजी फिरता पाइप लावा. भिंत सहा फुटांची आणि आतून गुळगुळीत गिलावा केलेली असेल तरच हे चालतं. तीन इंची पीव्हीसी पाइपचे चार-चार फुटांचे तुकडे करा, दोन्ही टोकांना मध्यभागी भोक पाडलेली टोपणं बसवा, त्यातून जाड जीआय तार ओवून ती माथ्याच्या आतल्या कडेला ताणून बांधा. मांजराने पंजा टाकला की पाइप लाटण्यासारखा फिरतो आणि मांजर खाली येतं. तुकड्यांमध्ये आणि पाइपखाली एक इंचापेक्षा जास्त जागा नको, पंजा अडकवायला तेवढं पुरतं. चार फुटांहून लांब तुकडा मध्ये लवतो आणि फिरायचा थांबतो. ऊन लागून पीव्हीसी ठिसूळ होतं, म्हणून पाइप रंगवून घ्या. वानराने एखादा मोडला तर तेवढाच बदलायचा.

छप्पर, कूलर आणि झाडं

कुंपण पक्कं करून लोक थकतात आणि मांजर कवेलूंवरून (छपराच्या कौलांवरून) निघून जातं. मागच्या छपराची वळचण सहा फुटांहून उंच असेल, तर तिच्याखाली पाय ठेवायला काहीही नको. ओसरीच्या लाकडी खांबांवर जमिनीपासून तीन फुटांपासून थेट वरपर्यंत साधा पत्रा गुंडाळा. वळचण सहा फूट किंवा त्याहून खाली असेल तर मांजर सरळ उडी मारतं. तिथं वाशांना दोन फुटी आडवे हात ठोकून जाळीची झालर काढावी लागेल.

एप्रिल आला की खिडकीबाहेर कूलर लागतो. त्याचा स्टँड, त्यावर कूलर, त्याच्यावर छज्जा, छज्ज्यावरून कवेलू. वर्षभर न पळालेलं मांजर उन्हाळ्यात पळतं ते अनेकदा या वाटेने. कूलर बंद जागेच्या बाहेरच्या खिडकीला लावा, नाहीतर त्याच्या माथ्यावर पत्र्याचा तीव्र उतार बसवा, पाय ठरणार नाही असा.

झाडाच्या बुंध्याला अडीच फूट रुंद पत्रा गुंडाळायचा, खालची कड जमिनीपासून चार फुटांवर. टोकं खिळ्यांनी ठोकू नका. एकमेकांवर चढवून स्प्रिंगने किंवा तारेने बांधा आणि दरवर्षी सैल करा, नाहीतर पत्रा खोडात रुततो. कुंपणापासून सहा फुटांच्या आतल्या, बाहेर झुकलेल्या फांद्या छाटा. कडुनिंब आणि चिंचेचे शेंडे एकमेकांत गुंतलेले असतील तर एका झाडाला पत्रा लावून भागत नाही, दोघांनाही लागतो.

फाटक आणि नाली

फाटकाच्या गजांवर आतून एक इंची वेल्डमेश बांधा, वर त्याच मापाचा झुकलेला हात. तो फाटकालाच वेल्ड करा, म्हणजे उघडताना बरोबर फिरतो. खाली चाकोरीमुळे जमीन खचलेली असते. जुन्या टायरची रबरी पट्टी बोल्टने लावली की ती जमिनीवर घासत जाते आणि फट बुजते. आपोआप बंद होणारी स्प्रिंग लावाच. जागा असेल तर आतून चार फुटांवर दुसरं छोटं दार करा: एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पोरं हा नियम मोठ्यांपेक्षा बरा पाळतात.

नालीच्या तोंडाला अर्धा इंची गजांची जाळी, पण बिजागरीवर. पक्की बसवली तर पहिल्या पावसात कचरा अडकून वाडीत पाणी तुंबतं आणि कोणीतरी ती उपटून फेकतं.

हे लावू नका

भिंतीवर काचा लावल्याने मांजर थांबत नाही, पाय मात्र चिरतात. काटेरी तारेने कातडी फाटते. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी शेताला लावतात ते झटका मशीन घराच्या वाडीत आणू नका, आणि तारेत थेट लाइन सोडणं हा गुन्हा आहे. त्यात माणसं मेली आहेत. लोखंडी ब्रॅकेट घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरपासून लांब ठेवा. वायर कुंपणावरून खाली लोंबत असेल तर आधी लाइनमनला बोलावून उंच करून घ्या, मग वेल्डिंग. नायलॉनची स्वस्त जाळी आपल्याकडच्या उन्हात कुजते आणि दातानेही तुटते.

आतली सोय

विहिरीला जाळीचं झाकण. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा टिनाखालची सावली ही सावली नव्हे. झाडाखाली किंवा तट्ट्याच्या मांडवाखाली मातीच्या भांड्यात दोन ठिकाणी पाणी ठेवा. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर उष्माघाताच्या वाटेवर असतं, त्याला लगेच थंड खोलीत घ्या, अंग ओल्या फडक्याने पुसा आणि डॉक्टरांना गाठा. फवारणीचे पंप, रिकामे डबे, उंदरांचं झिंक फॉस्फाइड या जागेत नको. गोठ्यात गोचिडांसाठी सायपरमेथ्रीन किंवा परमेथ्रीन फवारलं असेल तर मांजराला तिथं फिरकू देऊ नका. या गटातली औषधं मांजराचं शरीर नीट पचवू शकत नाही, आणि पाय चाटून ती पोटात जातात.

जंगलालगतच्या गावांत, मग ते चंद्रपूर-गडचिरोलीकडचं असो की गोंदियाकडचं, दिवेलागणीला मांजर घरात घ्या. हे कुंपण बिबट्याला अडवत नाही. नाग-घोणसही जाळीतून येऊ शकतात, म्हणून गवत कापलेलं ठेवा.

पहिल्यांदा सोडताना

कुंपण झाल्या दिवशी मांजर सोडून कामाला जाऊ नका. पहिला आठवडा रोज अर्धा तास, जेवणाच्या आधी, भुकेलं असताना. आपण आत बसून राहायचं. मांजर कुठं थांबून वर बघतं ते बघा. उडी मारण्याआधी ते त्या जागेकडे बराच वेळ टक लावतं, कधी बूड हलवून अंदाज घेतं. ती जागा खडूने खूण करून त्याच दिवशी दुरुस्त करा. एकदा सापडलेली वाट ते विसरत नाही, पुन्हा पुन्हा तिथंच जातं. अर्ध्या तासाने ताटली वाजवून घरात बोलवा आणि खायला द्या. दहा-बारा दिवस काही घडलं नाही की वेळ वाढवत न्या.

वर्षभर

मृगाच्या आधी सगळे पीळ, बोल्ट आणि नालीची जाळी बघा. पोळ्याच्या सुमारास कुंपणावर काय चढलंय ते बघा: वालाचा, दोडक्याचा वेल जाळीवर सोडायची आपल्याला सवय असते, पण वेल म्हणजे शिडी, आणि ओल्या वेलाच्या वजनाने हात खाली वाकतात. वेलाला वेगळा मांडव करा. सोयाबीन निघालं की कुटार (मळणीनंतरचा भुसा), कापूस संपला की पऱ्हाटी. दोन्हींची गंजी कुंपणापासून आठ फूट लांब रचायची हे घरातल्या सगळ्यांना आणि गड्यालाही सांगून ठेवा. उन्हाळ्यात भेगा बघून तळाची फट मुरमाने भरा.

एवढं करूनही एखादं निसटलंच, तर लांब धावू नका. घरातलं मांजर सहसा पहिल्या चार-सहा घरांच्या आतच, कोणाच्या तरी कुटारात किंवा बंडीखाली दबा धरून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. गाव निजल्यावर बॅटरी घेऊन फिरा, अंधारात डोळे चमकतात. फाटक किलकिलं ठेवा, आत त्याचं अंथरूण आणि थोडं सुकट ठेवा.